धूर, श्वासपेशी आणि वनस्पतींतील संरक्षक द्रव्ये : एक अभ्यास

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांसोबत आरोग्यविषयक एखादा अभ्यासलेख द्यावा, असा प्रघात आम्ही ठेवला आहे. यंदाचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही; तो रुग्णांच्या आप्तांनी आणि काही देणगीदारांनी आमच्यापुढे ठेवला. बाह्यरुग्ण विभागात दम्याच्या वा जुनाट खोकल्याच्या रुग्णाला पंप लिहून दिला, की सोबत आलेला मुलगा किंवा सून हमखास विचारते, ‘‘हळद-दूध, अडुळशाचा काढा, शेवग्याच्या पाल्याची पावडर, यांनी नाही का भागणार?’’ काही हितचिंतकांनी तर शिबिरांतून महागड्या पंपांऐवजी वनौषधी चूर्णाची पाकिटे वाटावीत, म्हणजे त्याच पैशात कितीतरी अधिक रुग्णांना लाभ होईल, असे सुचविले. सूचना सद्भावनेची आहे. तिच्यामागे थोडे शास्त्रही आहे. म्हणूनच तिला एका ओळीत ‘होय’ वा ‘नाही’ असे उत्तर देणे आम्हांस योग्य वाटले नाही.

प्रथम आपल्या हवेविषयी. प्रदूषण म्हटले की मुंबई-दिल्लीची वाहने आणि धुराडी डोळ्यांसमोर येतात. अजिंठ्याच्या रांगांवर वसलेल्या बुलढाण्याच्या थंड हवेत कसले प्रदूषण, असे पाहुणे म्हणतात. परंतु माणूस शहराची हवा श्वासात घेत नाही. तो आपल्या नाकापुढची हवा घेतो. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या पेटवून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकापुढे त्या वेळी सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला कित्येक शे, प्रसंगी हजारांहून अधिक मायक्रोग्रॅम असते. भारतीय मानकानुसार वार्षिक सरासरी ४० च्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मापनयंत्रे बांधून हे प्रथम दाखवून दिले. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात असे मांडले, की श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या सीओपीडी या विकाराचे जगातील सर्वांत मोठे कारण तंबाखू नसून लाकूड-गोवऱ्यांचा धूर असण्याचा संभव आहे. आयुष्यात विडीला न शिवलेल्या आमच्या कितीतरी वृद्ध स्त्री-रुग्णांची छाती ‘विडी ओढणाऱ्यासारखी’ का, याचे उत्तर येथे मिळते. ज्या बाईने जन्मभर फुंकणीने चूल पेटवली, तिलाच स्पायरोमेट्रीच्या नळीत सहा सेकंद फुंकर पुरत नाही, हे आम्ही नित्य पाहतो.

दुसरा प्रकार जिनिंगचा. खामगावला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. मलकापूर, खामगावच्या जिनांतून दिवाळीनंतरचे काही महिने हवेत कापसाची धूळ तरंगत असते. या धुळीने होणाऱ्या विकाराचे एक वैशिष्ट्य असे, की साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती अधिक आवळते. त्याचे मूळ रुईच्या तंतूंपेक्षा बोंडाच्या पाकळ्या-पाचोळ्यावर वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषात आहे. हे येथे मुद्दाम नमूद करतो. पऱ्हाटीचा धूर काय, कापसाची धूळ काय, दोन्ही पूर्णपणे वनस्पतीजन्य आणि ‘नैसर्गिक’च आहेत. तेव्हा वनस्पतीपासून आले म्हणजे निर्धोक, हा युक्तिवाद निदान आपल्या जिल्ह्यात तरी करता येत नाही.

आता प्रत्यक्ष इजा कशी होते ते पाहू. नाकापासून फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत श्वासमार्गाला आतून पेशींचे एक अस्तर असते. त्यांतील काही पेशी चिकट स्राव निर्माण करतात. काहींच्या माथ्यावर पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. उभ्या पिकावरून वाऱ्याची लहर जावी तसे हे तंतू एका दिशेने हलतात आणि धूळ अडकलेला स्राव घशाकडे ढकलीत राहतात. मोठे कण असे बाहेर पडतात. परंतु अडीच मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे, या पहाऱ्यातून निसटून खोलवर जातात. अशा कणाच्या पृष्ठावर धातूंचे अंश आणि अर्धवट जळलेली सेंद्रिय द्रव्ये चिकटलेली असतात. ती पेशीत शिरली, की ऑक्सिजनचे अतिक्रियाशील अणुसमूह तयार होतात. लोखंडाला हवेने गंज चढावा तसे हे समूह पेशीचे आवरण, प्रथिने आणि जनुके खाऊ लागतात. पेशी संकटाचा इशारा देते, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि दाह सुरू होतो. धूर थांबला तर दाह शमतो. तो रोज सकाळ-संध्याकाळ वर्षानुवर्षे येत राहिला, तर पक्ष्माभिका झडतात, स्राव वाढतो, नळ्या जाड व अरुंद होतात. ही शेवटची अवस्था कोणत्याही पाल्याने वा गोळीने पूर्ववत होत नाही.

पेशी मात्र अगदी निःशस्त्र नसते. ग्लुटाथायोन नावाचे एक द्रव्य ती स्वतः बनवते; ते विषारी रेणूंना चिकटून त्यांना लघवीवाटे बाहेर पडण्याजोगे करते. या आणि अशा अनेक संरक्षक द्रव्यांच्या निर्मितीची कळ एकाच प्रथिनाच्या हाती असते. त्याचे नाव एनआरएफ-२. एरवी कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला जखडून ठेवते. संकटाची चाहूल लागली, की ही पकड सुटते, एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जाते आणि संरक्षणाची जनुके एकापाठोपाठ जागी होतात. जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या गटाने १९९० च्या दशकात ही यंत्रणा उलगडली.

वनस्पतींचा संबंध येथे येतो, आणि तो मोठा विलक्षण आहे. मोहरी, मुळा, कोबी, शेवगा यांना आपल्या जिभेला जाणवणारा जो झणका असतो, तो त्या वनस्पतीने किडीविरुद्ध धारण केलेला असतो. अखंड पानात त्याचे मूळ द्रव्य आणि त्याला उग्र रूप देणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. कीड चावली किंवा आपण चिरले, वाटले, चावले, की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट द्रव्य तयार होते. आपल्या पेशीला हे द्रव्य सौम्य विषच वाटते. कीप-१ ची पकड सुटते आणि संरक्षणाची फळी उभी राहते. म्हणजे ही द्रव्ये स्वतः विषाशी झुंजत नाहीत, तर पेशीला आधीच सावध करतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि युएशेंग झांग यांनी १९९२ मध्ये ब्रोकोलीतून, म्हणजे फुलकोबीच्या हिरव्या भावंडातून, या कुळातील सल्फोराफेन हे द्रव्य वेगळे केले. ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या कोंबांत त्याचे मूळ द्रव्य पूर्ण वाढलेल्या गड्ड्याच्या २० ते ५० पट असते, असे १९९७ मध्ये आढळले. शेवग्यातही याच कुळातील एक द्रव्य आहे.

आपल्या आजीबाईंना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिची कृती त्यांना अचूक माहीत होती. लोणच्यासाठी मोहरी फेसताना ती पाणी घालून नाकात झणका जाईपर्यंत घोटतात. तो झणका म्हणजे हेच द्रव्य मोकळे होणे. तीच मोहरी उकळत्या तेलात फोडणीला टाकली, की विकर उष्णतेने निकामी होते आणि झणका येत नाही. म्हणून या विशिष्ट द्रव्यांसाठी कोबीची कच्ची कोशिंबीर किंवा मुळ्याचा कीस हा शिजवलेल्या भाजीपेक्षा सरस ठरतो. भाजीच करायची तर चिरून थोडा वेळ ठेवावी, मग चुलीवर चढवावी.

माणसांवर याचा काही पडताळा आहे काय? थोडा आहे, आणि तो आशादायक आहे. चीनमधील चिदोंग या प्रदूषित भागात २९१ लोकांना १२ आठवडे रोज एक पेय दिले गेले. काहींच्या पेयात ब्रोकोलीच्या कोंबांचा अर्क होता, काहींच्या नव्हता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अर्क घेणाऱ्यांच्या लघवीतून बेन्झीन या विषाचे उत्सर्जन ६१ टक्क्यांनी आणि ॲक्रोलीनचे २३ टक्क्यांनी वाढले. ही दोन्ही विषे चुलीच्या धुरात असतात. ॲक्रोलीन तर कढईतील करपलेल्या तेलाच्या धुरातही असते. त्याच वर्षी लॉस एंजलिस येथे २९ जणांच्या नाकात डिझेलच्या धुराचे कण घालून पाहण्यात आले. आधी काही दिवस कोंबांचा अर्क घेतल्यावर नाकातील दाहक पेशी ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. मेक्सिको शहरात तर २००२ सालीच दम्याच्या १५८ मुलांवर अभ्यास झाला होता. रोज २५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आणि ५० मिलिग्रॅम ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्या मुलांपैकी ज्यांचा दमा मध्यम वा तीव्र होता, त्यांच्या फुप्फुसांवर ओझोन वायूचा दुष्परिणाम कमी दिसला. पुढे असेही दिसले, की विषनिवारणाचे एक जनुक ज्यांना जन्मतःच नसते, त्या मुलांना हा लाभ विशेष झाला. श्वासमार्गाच्या ओलसर थरात ‘क’ जीवनसत्त्व मुळातच पहाऱ्यावर असते. एवढे जीवनसत्त्व एखाद-दोन चांगल्या पेरूंतून मिळू शकते, आवळ्यातूनही मिळते. त्यासाठी परदेशी कोंबांची वाट पाहावी लागत नाही.

येथे थांबलो असतो तर चूर्णाची पाकिटे वाटण्यास हरकत नव्हती. परंतु पुढची पाने वाचल्याशिवाय ग्रंथ मिटणे बरे नव्हे.

वरील प्रयोगांतील लोक निरोगी होते किंवा दम्याची मुले होती. ज्यांची फुप्फुसे आधीच निकामी होत चालली आहेत, त्यांचे काय? अमेरिकेत सीओपीडीच्या ८९ रुग्णांना चार आठवडे सल्फोराफेन देण्यात आले आणि त्यांच्या फुप्फुसांतील पेशी काढून तपासण्यात आल्या. २०१६ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : संरक्षणाची जनुके जागी झाली नाहीत, दाहही कमी झाला नाही. काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवर जे द्रव्य प्रभावी ठरते, ते रुग्णाच्या छातीत ठरेलच असे नाही, हे या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे आणि जाहिरातींत सर्वांत कमी सांगितले जाणारे सत्य होय.

हळदीचे उदाहरण घ्या. बशीतील श्वासपेशींवर कुर्क्युमिन हे हळदीतील द्रव्य दाह कमी करते, यात शंका नाही. परंतु हळदीत ते साधारण तीन टक्के असते. चहाचा चमचाभर हळद दुधात घातली तर जेमतेम ९०-१०० मिलिग्रॅम पोटात जाते आणि त्यातील बहुतांश भाग आतड्यात व यकृतातच निकाली निघतो. श्वासनलिकेच्या पेशीपर्यंत काय पोहोचत असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. मिऱ्यातील पायपरिन सोबत दिले तर शोषण सुमारे २० पट वाढते, असे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये दिसले खरे. पण त्याच जोडीच्या तीव्र गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणे २०२२ मध्ये अमेरिकेत नोंदली गेली. स्वयंपाकातील हळदीला आमचा आक्षेप नाही, ती असावीच. मात्र फार चकचकीत पिवळ्या सुट्या हळदीत शिसेयुक्त रंग मिसळलेला असू शकतो, म्हणून हळकुंड आणून दळून घेणे उत्तम.

याहून गंभीर धडा फिनलंडने दिला. गाजरातील बीटा-कॅरोटीन फुप्फुसाचे रक्षण करते, या विश्वासाने तेथील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील १८,३१४ जणांवरचा तसाच प्रयोग १९९६ च्या जानेवारीत मुदतीपूर्वी थांबवावा लागला. तेथे वाढ २८ टक्के होती. गाजर खाणाऱ्याला याची भीती नाही. धुराने भाजलेल्या फुप्फुसावर तेच द्रव्य एकवटून ओतले, तेव्हा रक्षक भक्षक ठरला. प्रमाणाचा हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. त्यांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण पुष्कळ वाढल्याचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी निदर्शनास आणले. हेच सेलेनियम अल्प प्रमाणात आपल्या पेशींच्या संरक्षक विकराचा आवश्यक घटक असते.

आमचा वनस्पतींवर राग आहे असा समज होऊ नये. आमच्या औषधालयातील कितीतरी औषधांचे गोत्र रानातच सापडते. बांधावरच्या अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन आणि त्यापासून अँब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे घडविली गेली. उकिरड्यावर वाढणाऱ्या धोतऱ्याची पाने दम्यासाठी ओढण्याची रीत भारतातून १८०२ मध्ये इंग्लंडला गेली. त्याच कुळातील ॲट्रोपिनमध्ये फेरफार करून आजच्या पंपांतील आयप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम तयार झाली. चहाच्या पानांतून थिओफायलिन १८८८ मध्ये मिळाले. तेव्हा ‘पंप की वनस्पती’ हा वादच मुळी चुकीचा आहे. धोतरा ओढणाऱ्याला किती विष पोटात जाईल हे कळत नाही, क्वचित तो भ्रमिष्ट होऊन दवाखान्यात येतो. पंपातून मात्र मोजून काही मायक्रोग्रॅम औषध थेट श्वासनलिकेवर पडते. वनस्पती आणि औषध यांत फरक आहे तो या मोजमापाचा.

या सर्व विचारान्ती चूर्णाची पाकिटे शिबिरांतून न वाटण्याचे आम्ही ठरविले आहे. सुचविणाऱ्या दात्यांनी यात आपल्या भावनेचा अव्हेर मानू नये, ही नम्र विनंती. तीच रक्कम स्पायरोमेट्री तपासणीसाठी, गरजूंच्या पंपांसाठी आणि पंपाला जोडायच्या स्पेसरच्या नळकांड्यांसाठी खर्च व्हावी, असे आमचे मत आहे. स्पेसर नसला तर पुष्कळसे औषध जिभेवरच राहते आणि ‘पंपाने काही फरक पडला नाही’ असे म्हणत रुग्ण काढ्याकडे वळतो. शक्य झाल्यास धुराड्याच्या चुली आणि सिलिंडर भरून घेण्यास साहाय्य हेही आम्ही वैद्यकीय खर्चातच धरू इच्छितो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची शेगडी पोहोचली. तरी दुसरे सिलिंडर परवडत नाही म्हणून भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच राहते, हे कोणत्याही खेड्यात सकाळी सहा वाजता गेल्यास दिसेल.

आप्तांसाठी थोडे अधिक. रुग्णाच्या ताटात मुळा, कोबी, शेवगा, कांदा, आवळा, पेरू यांतले हंगामाप्रमाणे जे मिळेल ते असू द्यावे. त्यासाठी आमच्या चिठ्ठीची गरज नाही. रुग्ण ज्या खोलीत निजतो तेथे मच्छर अगरबत्तीची गुंडाळी लावू नये. अशी एक गुंडाळी जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ मधील एका अभ्यासात मोजले गेले आहे. मच्छरदाणी कितीतरी बरी. जिनमध्ये काम करणाऱ्यांनी उपरण्याऐवजी चांगला मास्क नाका-तोंडावर घट्ट बसेल असा वापरावा. घरात काढा चालू असेल तर तो आमच्यापासून लपवू नये. आम्ही रागावणार नाही. पंप बंद न करता तो घेता येईल की नाही, एवढेच आम्हांस पाहायचे असते.

आणि बाहेरून आणलेले एखादे दम्याचे चूर्ण रुग्णाला दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम देत असेल, तर पुढील तपासणीला येताना तो डबा अवश्य सोबत आणावा. अशा काही चूर्णांत स्टेरॉइडच्या गोळ्या दळून मिसळलेल्या आढळतात. ते कित्येक महिने पोटात गेल्यावर एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते. म्हणून डबा फेकून न देता आणि चूर्ण स्वतः होऊन बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावा.